एकशे तीन किलो

धंतोलीच्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली,
म्हणाला, चौथ्या-पाचव्यातली गादी दबली आहे,
गाडी सोडा नाहीतर नोकरी.
मी दोन्ही ठेवल्या.
पुण्याहून स्प्रिंगा मागवल्या.

नोकरी म्हणजे टॉवर. खाप्यापासून देवलापारपर्यंत
तारांखालून जाणारी वाट,
मुरूम, नाला, पऱ्हाट्यांचे खुंट,
आणि मान वर करून तपासायच्या
चिनी मातीच्या चकत्या, कुठली तडकली, कुठली नाही.
खालचा रस्ता बघायला डोळे उरत नाहीत.
तो पाठीला कळतो.

टांडापेठेत निमजे मिस्त्रीचं गॅरेज.
माग गेला, मागाचा खड्डा राहिला.
ज्यात पाय सोडून त्याचा बाप लुगडी विणायचा
त्यात आता मिस्त्री उतरतो, कमरेपर्यंत,
आणि फळ्या टाकून वर गाडी घेतो.
एक धोटा अजून खिळ्याला टांगलेला,
त्याच्याशेजारी क्लच केबली.

"वजन कितीक तुमचं?"
"अठ्ठ्याहत्तर."
मिस्त्रीने खड्ड्यातूनच वर पाहिलं.
"बायकोले सांगा ते. स्प्रिंगले नोका सांगू."

मग सगळं घातलं: बूट, हेल्मेट, दुर्बीण,
कोयता, पाच लिटरचा कॅन, डबासुद्धा,
आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर उभा राहिलो.
एकशे तीन.
मिस्त्रीची भाची हर्षाली हसली नाही,
तिने आकडा वहीत लिहिला.
त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

फोर्क उघडला. तेल निघालं
करडं, पाण्यासारखं, शिळ्या मासळीच्या वासाचं.
"आपल्याकडचा मे," मिस्त्री म्हणाला,
"दहाच्या तेलाले पाचाचं करते जी."
कूलरमधलं पाणी संपत आलेलं,
खस नुसतीच फडफडत होती.

जुनी स्प्रिंग त्याने माझ्या हातात दिली.
हलकी. कोणा पासष्ट किलोच्या माणसासाठी
कुठल्याशा कारखान्यात वळलेली.
सात वर्षं मी त्याच्या जागेवर बसत होतो.

मग सॅग. म्हणजे, हर्षालीने समजावलं,
तुम्ही बसल्यावर गाडी किती खचते ते.
मामा गाडी धरणार, ती टेप लावणार,
मी दोन्ही पाय वर घेऊन, श्वास रोखून.
"श्वास घ्या काका, तो बी मोजाचा आहे."
जुनीवर शहाण्णव मिलिमीटर होतं.
नवीवर अठ्ठेचाळीस. मी खूश.

"कायले खूश होता? कडक म्हंजे मजबूत नसते.
दगड बी कडक असते, त्याच्यावर बसून कोणी
देवलापारले जाते का?"
आणि पंच लावून, हातोडीने ठोकत ठोकत
त्याने रिंग उलटी फिरवली, एकोणसत्तर होईस्तोवर.
ठोकताना बापाचं सांगत होता:
ताणा जास्त ओढला की म्हातारा शिव्या द्यायचा,
कारण सूत तुटताना आवाज नसतो येत.

रिबाउंडचा स्क्रू आधी पूर्ण बंद करायचा
आणि तिथून उलटं मोजत यायचं.
बारा टक.
कानांआधी बोटांना ऐकू येतात.

संध्याकाळी पाचपावलीचा पूल उतरून
कामठी रोडच्या पलीकडे, कच्च्यावर.
पहिला खड्डा दिसला. सवयीने दात आवळले.
खड्डा गेला.
आवळलेले दात तसेच राहिले थोडा वेळ,
आता काय करायचं, त्यांना कळेना.

सोमवारी एकशे चौदाव्या टॉवरखाली डबा उघडला.
वरण वरणाच्या जागी,
पोळी कोरडी.
वर चकत्या सगळ्या शाबूत.
पाठ दुखते आहेच, फक्त जरा वेगळीकडे,
आणि मागचं चाक अजून घाईत वर येतं.
रविवारी जातो टांडापेठेत.
बाराचे अकरा.