ताणून सोडलेलं

नुसतं बघू नकोस, यी-चुन.
रंग काय, कुणालाही चढतो.
हात लाव.
आता ओढ. अजून. तुझी मावशी वल्हं मारताना
पाठीतून जेवढी वाकते, तेवढं.
आता सोड.

हे आलं परत.
हे दुसरं पुरतं आलं नाही, बघ,
पाहुणा उठून गेल्यावर गादीत खळगा राहावा
तसं ढिलं पडलंय मधे.
दोन आठवड्यांत गुडघ्यांवर पोतं होईल याचं.

हमेईच्या या गिरणीत एकतीस वर्षं
मी कापडांच्या परीक्षा घेते.
गोल यंत्र फिरतं, सुयांचं रिंगण वरखाली नाचतं,
आणि खालून नळीसारखं कापड उतरत राहतं
सापानं सावकाश कात टाकावी तसं.
मागावरचे धागे एकमेकांना आडवे जातात,
जावाजावांसारखे.
इथं धागा स्वतःच्याच गळ्यात हात घालतो,
टाक्यातून टाका काढत पुढे जातो.
म्हणून ताणतो.
म्हणूनच एक टाका तुटला
की शिडी थेट पायथ्यापर्यंत.

हे सिंगल जर्सी. हलकं, पोरकट,
कापलं की कडा गुंडाळून बसतं.
हे इंटरलॉक. दोन्हीकडून सुलट,
लपवायला उलटी बाजूच नाही त्याला.
जरा जड आहे. असू दे.
मुठीवर ताणून खिडकीशी धर:
बोटांची पेरं दिसली तर नको,
होडीत बायका वाकून बसतात,
मागची रांग काय बघत बसेल?

आता थेंब सोड. मोज.
इथं तो पसरला, पातळ झाला, वारा त्याला उचलून नेईल.
इथं मोत्यासारखा उभा आहे.
छान दिसतो ना? फसू नकोस.
घाम असाच पाठीवर उभा राहील.

हुंगसाहेब सांगून गेले, बर्फासारखं गार लागतं.
लागतं. पहिली दहा मिनिटं.
मी ते कापड काखेत धरून जेवणाच्या सुट्टीभर बसले,
मुली हसल्या.
पॉलिएस्टर झटकन वाळतं, पण वास धरून ठेवतं
जुन्या भांडणासारखा.
नायलॉन मऊ, घासायला चिवट, खिशाला जाच.
वल्ह्याच्या बाजूला नायलॉनच घे,
बाकी पैशाचं बघू.

गेल्या वर्षी कुणा कंत्राटदारानं सुती बनियनं वाटली,
छातीवर त्याचंच नाव, हे एवढं.
लुगांगच्या कालव्यात निम्म्या वाटेवरच
भिजून दगड झाली.
स्यू-लुआनच्या काखेतून रक्त आलं.
ती बोलली नाही. तुमच्यातली कुणीच बोलत नाही.
एकाच वॉर्डातून उठून होडीत बसलेल्या बावीस बायका,
दुखणं मोजायची तुमची पट्टीच वेगळी.

म्हणून शिवणीचं मी सांगते, तू लिहून घे.
डाव्या काखेखाली शिवण नको. कुणाला उजव्या.
प्रत्येकीला विचार, पण एकेकटीला, चहा ओतता ओतता.
व्रण जिथं असेल तिथं कापड अखंड जाऊ दे,
जोड पाठीकडे सरकव.
शिंप्याला कारण सांगायची गरज नाही.
आणि लवचीक धागा शेकडा अठराच्या पुढे नको,
धरून ठेवणं वेगळं, आवळणं वेगळं.

धुताना ते सुवासिक मऊ करणारं पाणी घालू नका,
टाक्यांची तोंडं बुजतात.
पत्र्यावर उन्हात टाकू नका.
ताणलेल्याला उष्णता सोसत नाही,
मग ते परत यायचं विसरतं.

तेवीस कर.
बावीस नाही, तेवीस.
माझं माप तुला माहीत आहे,
बाजू कुठली ते बुधवारी डॉक्टर सांगतील.
असं बघू नकोस माझ्याकडे.
तो करडा नमुना दे इकडे, उजेड आहे तोवर.
घाम पडला की करड्यावर नकाशे उमटतात,
तेवढं बघू दे.