तक्रारपेटी

नाग नदी तिसऱ्या दिवशी ओसरली.
शाळेत मात्र वस्ती तशीच :
फळ्यावर सातवी 'ब'ची पटसंख्या,
खाली चटयांवर सत्तावीस कुटुंबं.

तक्रारपेटी मीच ठोकली होती
कार्यालयाच्या दारालगत,
जिथे निळ्या जॅकेटातले आमचे लोक
यादी बघून चादरी देतात.
आठवडाभर रिकामी.
अहवालात मी लिहिलं : तक्रारी निरंक.

वच्छलाबाई गजभिये हसल्या.
"काहून टाकन कोनी?
ज्याच्या हातात चादर
त्याच्याच डोयासमोर तुमची पेटी.
अन् पोट्टीले तो सांगते,
अंधार पडल्यावर ये, दोन देतो."

त्याच दुपारी पेटी हलवली
बायकांच्या नहाणीमागे,
वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड.

सकाळी कुलूप काढलं.
चिठ्ठी नव्हती.
एक निळं बटण होतं,
त्याला ओढून तुटलेला दोरा
आणि नखाएवढं कापड.

कोण, कधी, कुठे —
माझ्या छापील अर्जातले सगळे रकाने
त्या बटणापुढे गप्प.

नऊच्या बैठकीत मी चेहरे पाहिलेच नाहीत.
जॅकेटं मोजत गेले,
वरून खाली, एकेक काज.

"करायची सुरुवात?" वैरागडे सर म्हणाले.
फाईल त्यांनी छातीशी
घट्ट धरली होती.