दीड इंच माया

हडर्सफील्डच्या मंडईमागे, लॉन्ड्रीच्या माडीवर
माझं मशीन, एक इस्त्री, आणि एका पायाने लंगडा आरसा.
अठरा पायऱ्या चढून बायका वर येतात
आणि धाप ओसरायच्या आत माफी मागतात :
पोटाची, दंडांची, आईकडून आलेल्या मांड्यांची.
मासिकातून शिकून आलेल्या असतात.
मी पेअर, मी सफरचंद,
माझं वाळूचं घड्याळ होतं, मुलं होईपर्यंत.

मी इचलकरंजीची. मला फळं दिसत नाहीत,
कापड दिसतं. कुठे ताणेल, कुठे झोळ पडेल.

व्हर्ना म्हणते, मागची बाजू लपव.
मी म्हणते, डोंगर कुणी झाकतं का,
त्याला वळसा घालणारी वाट काढायची.
कंबरेपर्यंत नेटकं, मग ऐसपैस घेर,
गळा होडीसारखा रुंद, म्हणजे खांदेही बोलतील.
बस चालवते ती. खांदे आहेतच तिचे.

मिसेस अ‍ॅकरॉयडचं पोट त्यांच्याआधी दारातून येतं,
पण पाय! एकाहत्तराव्या वर्षी टाचांवर टकटक.
छातीखाली शिवण, तिथून कापडाला सुट्टी,
लांबी गुडघ्याला. ते पाय मी झाकणार नाही,
चर्चमधल्या बायका काय म्हणायचं ते म्हणोत.

ऋजुता फूटपट्टीसारखी सरळ.
तिचं क्रेप मी तिरकं कापलं.
तिरक्या कापडाला वळण लावावं लागत नाही.

फेब्रुवारीत जोन आली. कार्डिगन काढेना.
काढलं तेव्हा डावीकडे नुसती शिवण होती,
डॉक्टरांच्या हातची, बरी सरळ.
खांद्यापासून टोकापर्यंत, उजवं : साडेदहा.
डावीकडे टेप कुठे थांबवायची, मला कळेना.
वहीत ती जागा रिकामी सोडली.
"भाच्याचं लग्न आहे जूनमध्ये," ती म्हणाली,
"हिरवा हवा."

रात्री पुस्तकं चाळली. त्यांत ती नव्हती.
शेवटी उठून, गाउनवरूनच,
जुन्या चादरीचा पदर घेऊन पाहिला :
डाव्या खांद्यावर चुण्या, तिथून एक तिरकी घडी
उजव्या कंबरेशी येऊन गाठीत संपणारी.
पदराने आमच्याकडे काय काय निभावून नेलंय.

जोनने आरशाच्या लंगड्या पायाखाली बूट सरकवला.
पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाली, "खिसे?"

इथल्या सगळ्याजणी शेवटी खिसेच मागतात.
दिले. खोल दिले.
आणि दोन्ही कुशींना दीड इंच माया ठेवली,
अंग काही एका मापावर थांबत नाही.
माझ्या स्वतःच्या ब्लाउजांची तेवढी
केव्हाच उसवून संपली आहे.