उलटे स्वल्पविराम

टागोरनगरच्या खोलीत रेवती
लोखंडी कॉटवर मांडी घालून बसलीय.
सरावपत्रिका क्रमांक सात.
एक वाक्य, अंगावर काहीच नसलेलं,
ना मोठं अक्षर, ना टिंब, ना शेपूट:
व्हेअर आर यू गोइंग आस्क्ड द ओल्ड मॅन
चिन्हं घाला. गुण दोन.

मी ताट घेऊन भिंतीशी.
दिवसभर नाना चौकात लिफ्ट वरखाली केल्यावर
माणसाकडे बोलायला फारसं उरत नाही.
पण ती पुटपुटली, ‘इन्व्हर्टेड कॉमाज’,
आणि माझा घास हातातच राहिला.

परत बोल, म्हटलं.
अवतरणचिन्हं हो बाबा. बोलायच्या आधी दोन,
बोलून झालं की दोन.
ते कळलं गं. इन्व्हर्टेड म्हणजे काय?
उलटे, म्हणाली, आणि खोडरबर शोधायला लागली.

मुगभाटात रांगणेकरांच्या छापखान्यात
इंग्रजी केसमध्ये उघडत्या अवतरणाला कप्पाच नव्हता.
स्वल्पविरामाचे दोन खिळे चिमटीत घ्यायचे,
डोकं खाली, पाय वर,
आणि स्टिकमध्ये शेजारी शेजारी उभे करायचे.
एरवी ओळीच्या तळाशी लोंबणारा तो,
उलटा केला की आपसूक वर चढतो.
अकरा वर्षं मी हे केलं.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कुठल्याशा जिमखान्याचे अहवाल,
एका शब्दाचा अर्थ न कळता.
संध्याकाळी शिसं उतरावं म्हणून गुळाचा खडा,
आणि नखं तरी काळीच.
कुणी सांगितलं नाही कधी
की आम्ही जे करतो तेच त्याचं नाव आहे.

रेवतीनं समासात एक स्वल्पविराम काढला.
वही फिरवली. पाहिलं.
पुन्हा फिरवली.
‘आमच्या टीचरना पण माहीत नसणार,’ म्हणाली,
आणि किती तरी दिवसांनी माझ्याकडे
परीक्षेला येणारा प्रश्न असल्यासारखं बघितलं.
प्रश्नचिन्ह आत घे, म्हटलं मी,
अवतरण मिटायच्या आधी. बाहेर ठेवलंस तर
प्रूफवर लाल गोल यायचा.

मग पुढचा प्रश्न. तोंडचं वाक्य सांगीव करायचं.
बाबा, तुम्हीच द्या एक, मी बदलते.
मला जे आलं ते दिलं:
शेठ म्हणाले, ‘उद्यापासून छापखाना बंद.’
‘बंद राहील’ म्हणा ना. क्रियापद नसेल
तर वाक्य होत नाही, अर्धा गुण जातो.
शेठनी लावलं नव्हतं.
म्हणजे?
एवढंच म्हणाले ते. चष्मा पुसत. बंद.
आम्ही सातजण उभे होतो,
वाक्य पुरं होईल म्हणून थोडा वेळ थांबलोही.

तिनं स्वतःचं क्रियापद घातलं
आणि इंग्रजीत सफाईनं फिरवलं:
शेठ सेड दॅट द प्रेस वुड बी क्लोज्ड
फ्रॉम द नेक्स्ट डे.
बघा, म्हणाली, ‘उद्या’चं ‘दुसऱ्या दिवशी’ झालं.
‘इथे’चं ‘तिथे’ होतं, ‘आत्ता’चं ‘तेव्हा’,
‘मी’ असला तर त्याचा ‘तो’.
पाठ केल्यासारखं म्हणत गेली, बोटं मोजत,
आणि मी खरकट्या हातानं ऐकत राहिलो.
एवढं सगळं एका रात्रीत बदललं होतं खरं,
पण त्याला नियम होते हे ठाऊक नव्हतं.

ताट घासायला उठलो.
मोरीतून विचारलं,
त्या म्हाताऱ्याला उत्तर काय मिळालं गं,
कुठे चालला होता तो दुसरा?

ती पान उलटत होती.
‘ते नाही विचारलेलं, बाबा.’