उसन्या पाळ्यांची वही

वही शंभर पानी. पुठ्ठ्यावर मोर होता,
आता पिसाऱ्याचं नुसतं टोक राहिलंय.
आत तारीख, दोघांची नावं, कुठून कुठवर फिरले,
आणि शेरा : काही नाही.
हिवरदऱ्यावर बहुतेक रात्री काही नाहीच असतं.
काही होऊ नये म्हणून तर जायचं.

मी टेलर. डावा पाय लहानपणीच वाळला,
डोंगर माझ्याच्यानं चढवत नाही,
म्हणून वही माझ्याकडे, आणि तळ्याच्या पायऱ्या.
पाणी कितव्या पायरीला टेकलं ते रोज लिहितो,
गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप लिहावं तसं.

नियम फार नाहीत.
कुऱ्हाड वर न्यायची नाही.
सीताफळांनी डोळे उघडल्याशिवाय
धारूरच्या बाजाराचं नाव काढायचं नाही.
जनावर बंदीत सापडलं तर पैसे नकोत,
तळ्यातला गाळ, दहा पाट्या, डोक्यावरून.
सरपंचांची म्हैस सापडली तेव्हा अख्खी शाळा बघायला आली.
नवव्या पाटीला ते म्हणाले, 'झाल्या दहा.'
पोरं एका सुरात म्हणाली, 'नऊ!'

दसरा झाला की गाव निम्मं.
ट्रॅक्टरवर चूल, कोंबड्या, लेकरं, कोयते.
इंदराबाई सानप चढल्या, परत उतरल्या,
माझ्या मशीनपाशी येऊन म्हणाल्या,
'मपल्या चार पाळ्या उसन्या लिवा, दस्तगीरभाई.
पाडवा झाला की फेडते.'
पिठाचं उसनं ठाऊक होतं, पैशाचं तर होतंच;
रात्रीचं उसनं मी पहिल्यांदा लिहिलं.
मग रांगच लागली.

मागं राहिलो आम्ही : म्हातारे, शाळेची पोरं,
नागनाथ भोई, ज्याला मरळीशिवाय कशातच गोडी नाही,
आणि डोंगरभर वाळलेली कुसळी.

माघातल्या एका रात्री नागनाथची शिट्टी वाजली.
वाजतच राहिली.
खालून मला दिसलं :
अंधाराच्या काठाला कुणी लाल दोऱ्यानं
धावदोरा घालत चाललंय,
धावड्याकडे, सालईकडे, वर अंजनाकडे.
वर सतरा माणसं, हातात ओले फाटे, आणि खोकला.
मी बांधावर, बादल्या भरून देत.
दिलेली प्रत्येक बादली वर पोचेस्तोवर अर्धी.

आग पहिला चर ओलांडून आली. दुसराही.
तिसऱ्याशी थबकली.
तिसरा रुंद होता, मातीनं अजून गवत धरलेलं नव्हतं.
गेल्या वैशाखात ऊसतोडीवरून आलेल्यांनी
पाठीचा कणा सरळ व्हायच्या आत तो खणलेला.
आगीनं तिथं थोडं इकडं तिकडं पाहिलं
आणि बसली.

त्या रात्रीच्या हजेरीत सतरा नावं लिहिली.
मग कंदिलाची वात वर करून आणखी एकोणतीस,
जी तेव्हा बेळगावकडच्या कुठल्या तरी फडावर
पाचटावर झोपलेली होती.
आणि उसन्यातून प्रत्येकाची एक पाळी वजा केली.
हिशेब मला बरोबर वाटला. अजून वाटतो.

पाडवा झाला. इंदराबाई आल्या, बोटांना नव्या चिरा.
मी वाचून दाखवलं : चारातली एक फिटली.
त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं,
अक्षर न ओळखणारं, पण जागा बरोबर धरणारं.
'मी कुठं होते तिथं?'
'तुमचा चर होता.'
'चराचं चरापाशी. वहीत खोटं लिवायलेत तुमी.
खोडा.'

खोडलं.
पान फाटेल इतकं दाबून नाही, पण खोडलं.

चारही रात्री त्या गेल्या, बरोबर सून, तिच्या हातात बॅटरी.
मी खाली पायरीवर बसून राहायचो.
उजेड झाडांआडून सरकायचा, मध्येच विझायचा,
बऱ्याच वेळानं भलतीकडेच उगवायचा.
कुठंतरी मासळीनं पाणी वाजवलं की तेवढंच.

पाणी वरून अकराव्या पायरीला.
शेरा : काही नाही.