दोन सूत

वडगावात, मागांच्या गल्लीत,
यल्लूच्या पार्लरची भिंत दिवसभर थरथरते.
पलीकडे चार यंत्रमाग, खटाक्‌ खटाक्‌,
अलीकडे तिची कात्री
त्याच ठेक्यात, अर्धी मात्रा मागे.

साड्या विणणाऱ्या घरातली ती,
मापं अजून तिकडचीच.
"दोन सूत कमी करतो गे," म्हणते, "जास्त नाही."
इकडं बायकाही करतो म्हणतात.
माझी पुण्याची जाऊ दर वेळी हसते.

पहिल्यांदा गेले ती चिडून.
बढतीच्या यादीत नाव नव्हतं.
म्हटलं, काप सगळे, मानेपर्यंत.
तिनं कात्री खाली ठेवली.
"राग उतरला की चिकटवायला येशील काय?"
आणि कंगव्याच्या टोकानं
माझा भांग, शाळेपासूनचा, नाकाच्या रेषेतला,
पाऊण बोट डावीकडे सरकवला.
बस्स. वीस रुपये.

तिथली कातडी इतकी वर्षं ऊन खाऊन
पायवाटेसारखी रुंद झाली होती.
आता तिच्यावर केसांची सावली आली.
मी म्हटलं, लोक काय म्हणतील?
"आपल्याच डोक्यावरली रेघ,
सरकवायला कुणाला अर्ज द्यायचा?"
बाहेर तिची पाटी त्या वर्षी तिसऱ्यांदा रंगत होती,
कन्नड वर, मराठी खाली, मापात.
पेंटर शिडीवरूनच हसला.

लोक काहीच म्हणाले नाहीत.
तिसऱ्या गेटाजवळच्या ऑफिसात
शिवलीला मॅडम तेवढ्या फाईल ठेवता ठेवता थांबल्या.
"एनो आगेद री."
काहीतरी झालंय खरं.
चष्मा नवा? रात्री झोप लागली?
मी दोन्हींना नाही म्हटलं
आणि दिवसभर झोप झाल्यासारखी वावरले.

मग असंच चालू राहिलं.
एका दिवाळीआधी कानाजवळच्या चार बटा
वेणीतून मोकळ्या सोडल्या.
वर्षभरानं अंबाडा दोन बोटं वर चढला,
ब्लाउजच्या गळ्याला तेलाचा डाग पडेना.
मधलं एक वर्ष काहीच नाही,
सासऱ्यांच्या आजारपणात केस कोण बघतं,
रबरबँड, तोही कोथिंबिरीच्या जुडीचा.
मग पुन्हा टोकं, दोन सूत, दोन सूत.
आणि कपाळावरची पांढरी बट,
जी मी दर महिन्याला मेंदीखाली गाडत होते,
तिला यल्लू म्हणाली, राहू दे की,
जरीची तार आहे ती,
काठाला लागतेच.

काल ड्रॉवरमध्ये ओळखपत्रांचे फोटो सापडले, सहा.
ओळीनं मांडले तर प्रत्येक बाई
पुढच्या बाईची चुलत बहीण.
पण पहिली आणि सहावी
स्टँडवरच्या बाकड्यावर भेटल्या तर
पहिली पदर सावरून थोडी सरकेल,
बसा म्हणेल.
अहो-जाहो करेल.

या शनिवारी गेले तर लाईट नव्हती.
माग बंद. भिंत गप्प.
यल्लूच्या उजव्या मनगटाला प्लास्टर,
पाटावरून घसरली म्हणे, लोणच्याची बरणी काढताना.
तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं तिच्याकडे.
पंधरा वर्षं तोच चप्प मधला भांग,
तीच घट्ट गाठ.
"रोज दुसऱ्यांची डोकी, गे.
माझं कोण बघणार?"

मी तिला तिच्याच खुर्चीत बसवलं.
कंगवा उलटा धरला. पाऊण बोट, डावीकडे.
ठेका नव्हता म्हणून असेल,
हात हलला, भांग वळण घेत गेला
चोर्ला घाटासारखा.

"वाकडा झाला," मी म्हटलं. "पुसू काय?"

ती आरशाच्या जवळ गेली.
एक भुवई उचलली. मग दुसरी.
"राहू दे," म्हणाली,
आणि डाव्या हातानं पिशवी उचलली.
"बाजाराला जाऊन येतो.
कोण ओळखतंय बघू."