सत्तावन्न नंबरचा किलो

अडावदच्या बाजारात माझी जीप थांबते
तेव्हा अर्धे तराजू आपोआप पोत्याखाली जातात.
मखमलीच्या पेटीत पितळी वजनं, हातात शिक्क्याची हातोडी,
एवढंच सरकार माझ्याजवळ असतं.

पुंडलिकशेठ नेरकरांनी मात्र काही लपवलं नाही.
चहा सांगितला. लोखंडी किलो माझ्यापुढे सरकवत म्हणाले,
"हाई आमना बापनं शे, साहेब.
आपलं राज शे ना?
मंग परदेशना वजननं काबरं ऐकानं?"

उत्तर मला पाठ आहे.
पॅरिसजवळ तळघरात, काचेच्या घुमटाखाली
धातूचा एक मुठीएवढा तुकडा;
त्याचं सत्तावन्नावं भावंड दिल्लीला आलं.
सही आपणच केली, कुणी हात धरून करवली नाही.
दिल्लीहून नागपूर, नागपूरहून नाशिक, तिथून जळगाव,
मग माझी पेटी.

पण प्रश्न खोटा नव्हता.
ज्या घरात दुसऱ्याचं माप चालतं
ते घर किती आपलं,
हे मलाही कधी मुक्कामाच्या खोलीत झोपू देत नाही.

शेठच म्हणाले, पूर्वी चोपड्याचा शेर वेगळा, यावलचा वेगळा,
पाटलाची पायली घेताना मोठी, देताना लहान.
प्रत्येक वेस सार्वभौम.
ते सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता.

रुमलीबाई पावरा सातपुड्यातून पहाटेच उतरलेली,
चारोळीचं गाठोडं मांडीत दाबून बसलेली.
राज कुणाचं, यावर ती काही बोलली नाही.
आधी शेठच्या किलोकडे बोट केलं,
मग माझ्या पेटीकडे.

दोन पारडी. दोन किलो.
काटा थोडा थरथरला
आणि शेठच्या बापाचा किलो हळूच खाली बसला.
उलटा केला. बुडाशी शिसं,
शिक्क्याला लागतं त्याहून बरंच जाड.
चाळीस ग्रॅम.
"बापनी आठवन शे," शेठ म्हणाले,
आणि चहा गार होत राहिला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
तळघरातला तो तुकडाही आता निवृत्त झालाय.
भावंडांशी त्याचं जमेना,
धुळीच्या कणाएवढी तफावत पडत गेली;
आणि कायद्याने तो तर चुकूच शकत नव्हता,
चुकायचं ते जगाने.
शेवटी सगळ्या देशांनी हात वर करून त्याला उतरवलं.
आता तिथे नुसता एक आकडा आहे,
कुठल्याच तिजोरीत न मावणारा.

रुमलीबाईची चारोळी पुन्हा मोजली.
किलोमागे मूठभर उरली,
ती तिने ओच्यात टाकली, मोजायला दिली नाही.
ती मूठ कुणाच्या राज्यात येते
मला ठरवता आलं नाही.
पावतीवर मी लिहिलं,
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव.